बाबांकडे उरलेलं क्रियापद

झटका आला त्या सकाळी बाबा दाढी करत होते. आई स्वयंपाकघरात पोहे भिजवत होती आणि मी दवाखान्यात जायच्या तयारीत आरशासमोर केस विंचरत होते. बाबा बाथरूमच्या दारात येऊन उभे राहिले, चौकटीला खांदा टेकवून, आणि म्हणाले, "गेट."

आईला वाटलं, दूधवाला आला असेल. तिनं आतूनच सांगितलं, "अहो, उघडंच आहे गेट."

"गेट," बाबा पुन्हा म्हणाले. "गेट. गेट."

मी वळून पाहिलं. त्यांच्या एका गालाला साबण तसाच होता. ओठाचा उजवा कोपरा खाली ओघळला होता आणि उजवा हात अंगाला नुसता लटकत होता. मी दातांची डॉक्टर आहे. चेहऱ्याच्या नसा मला ठाऊक आहेत. काय झालंय ते मला त्याच क्षणी कळलं. तरी हातातल्या टॉवेलनं मी आधी त्यांच्या गालावरचा साबण पुसला आणि मग गाडी काढायला धावले.

बाबा वाचले. पाय थोडा फरफटत का होईना पण काठीच्या आधारानं चालू लागला. हात मात्र परत आला नाही, आणि बोलणंही नाही. मेंदूच्या डॉक्टरांनी आम्हा दोघींना समोर बसवून सांगितलं, "त्यांना समजतं बरंचसं. पण बोलायला जातात तेव्हा शब्द सापडत नाही. असं झालं की कधीकधी एखादाच शब्द तोंडात राहतो. कुणाच्या शिवी राहते, कुणाच्या देवाचं नाव. तोच का राहतो, ते आम्हालाही सांगता येत नाही."

"मग यांच्या तोंडात गेट कशाला राहिलं?" आईनं विचारलं. "आमचं गेट तर साधंच आहे. लोखंडाचं."

डॉक्टर हसले. मी म्हणाले, "आई, ते गेट नाही. इंग्रजीतलं क्रियापद आहे. जी-ई-टी."

देवनागरीत लिहिलं तर दोन्ही सारखीच दिसतात. बोलताना फरक आहे. दाराचं गेट लांब ओढायचं आणि क्रियापदाचं आखूड तोडायचं, हे बाबांनी पैठणच्या शाळेत पिढ्यान्‌पिढ्यांकडून घोकून घेतलं होतं. त्यांनी सगळी नोकरी त्या एका शाळेत केली. वर्गात विणकरांची मुलं असायची, शेतकऱ्यांची असायची, आसपासच्या गावांतून एसटीनं येणारी असायची. मीही त्याच वर्गात बसायचे. तिथं त्यांना 'सर' म्हणायचं आणि घरी आलं की 'बाबा'.

दर वर्षी एक दिवस या क्रियापदाचा असे. बाबा खुर्चीवर चढायचे: गेट अप. खाली उडी मारायचे: गेट डाउन. वर्गाबाहेर जायचे, आत यायचे, शिंकायचे, धापा टाकायचे, नसलेल्या पावसात भिजायचे. फळ्यावर मराठी क्रियापदं वाढत जायची. मिळणं, आणणं, होणं, पोचणं, समजणं, सुटणं, जमणं. 'गेट मॅरिड' आलं की मुली माना खाली घालायच्या आणि मुलं बाकावर थापा मारायची. फळा भरला की कुणीतरी विचारायचंच, "सर, मग नुसत्या गेटचा अर्थ काय?"

बाबा डस्टर झटकत म्हणायचे, "नुसत्याला काय अर्थ असणार? शेजारी कोण बसलंय ते बघायचं."

आता त्यांच्याकडे ते नुसतंच राहिलं होतं. शेजारचे सगळे शब्द गेले होते.

बाबा बोलणारे होते, हे सांगायला हवं. पैठणहून संभाजीनगरला माझ्याकडे राहायला आल्यावरही सकाळचं वर्तमानपत्र ते मोठ्यानं वाचायचे आणि त्यातल्या चुका आम्हाला ऐकवायचे. दारावर आलेल्या भाजीवाल्याशीसुद्धा त्यांचं अर्धा तास चालायचं. आई त्यांच्यापुढे गप्प असे. ती सातवीपर्यंत शिकलेली, खेड्यातली. तिच्या तोंडून 'इस्टेशन' आलं की बाबा स्वयंपाकघराच्या दारातून म्हणायचे, "स्टेशन." ती म्हणायची, "तेच ते," आणि भाकरी थापत राहायची. त्यांचं लग्न असं बरीच वर्षं चाललं. वाईट नव्हतं. एक बोलणार आणि एक ऐकणार, एवढंच.

त्यांना उठवाय-बसवायला आम्ही एक माणूस ठेवला. चितेगावचा. त्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं होती. याचं लहानपण कळपामागं गेलं, आणि मग पैठण रोडवरच्या कंपन्यांत मिळेल ते काम. आम्ही त्याला भाऊ म्हणायचो. हात मोठे आणि मायाळू होते त्याचे. बाबांना आंघोळ घालताना तो त्यांच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलत राहायचा.

पहिल्या आठवड्यात बाबा "गेट" म्हणाले की भाऊ उठायचा आणि अंगणात जाऊन लोखंडी गेट उघडायचा. मग परत येऊन उभा. बाबा पुन्हा "गेट" म्हणाले की जाऊन लावून घ्यायचा. एक दिवस दुपारी मी दवाखान्यातून जेवायला आले तर हा कार्यक्रम चालू होता. शेवटी भाऊ घाम पुसत मला म्हणाला, "ताई, सर सकाळपासून गेट गेट करू राहिले. उघडलं तरी खवळतेत अन्‌ लावलं तरी खवळतेत. मी करू काय?"

आई पदर तोंडाला लावून हसायला लागली. त्या घरात कितीतरी दिवसांनी कुणी हसत होतं. तिचं पाहून बाबाही हसले, अर्ध्या चेहऱ्यानं.

"भाऊ, सर इंग्रजी बोलतात," मी सांगितलं.

"आसं व्हय!" भाऊ म्हणाला. "मग मला कळायचं नाय." आणि निवांत खाली बसला.

वाचा सुधारायला एक मुलगी यायची. हुशार होती, चिकाटीची होती. चित्रांची कार्डं घेऊन यायची. कप दाखवून विचारायची, "आजोबा, हे काय?" बाबा कपाकडे बघायचे. तो शब्द त्यांना माहीत आहे हे डोळ्यांत दिसायचं. कपाळावर शीर उठायची, ओठ जुळायचे, आणि बाहेर यायचं, "गेट." मग ते डोळे मिटून घ्यायचे. तिनं एकदा 'सोमवार' म्हणून वारांना सुरुवात करून दिली आणि बाबांनी मंगळवारपासून रविवारपर्यंत सगळे वार तिच्यामागोमाग स्पष्ट म्हणून दाखवले. आई उठून उभीच राहिली. पण त्या मुलीनं मग विचारलं, "आज कोणता वार?" तर पुन्हा तेच. तोंडात चाल बसलेली असते ती निघते, ती मुलगी म्हणाली, हवा तेव्हा हवा तो शब्द निघत नाही.

एका दुपारी बाबांनी तिची सगळी कार्डं डाव्या हातानं एकेक करून पालथी घातली. कप, चमचा, कुत्रा, छत्री. मग ते भिंतीकडे तोंड करून बसले आणि त्यांचे खांदे हलायला लागले.

आई पुढे झाली. "पुरे आता, बाई," ती त्या मुलीला म्हणाली. "लहान लेकराला दाखवल्यासारखं कप-बशी दाखवू नकोस त्यांना. इंग्रजी शिकवलंय त्यांनी जन्मभर."

त्यानंतर आईनं ते काम स्वतःकडे घेतलं. संध्याकाळी मी घरी आले की ती मला स्वयंपाकघरात धरायची. "ते वर्गात काय शिकवायचे ते मला सांग. त्या गेटचं."

मी सांगायचे आणि ती कणीक मळत पुटपुटायची. गेट अप म्हणजे उठणं. गेट डाउन म्हणजे उतरणं. गेट वेल, बरं होणं. गेट टायर्ड, दमणं. काही तिच्या लक्षात राहायचे, काहींची ती वाट लावायची. 'गेट अलाँग' तिला फार आवडलं. "म्हणजे जुळवून घेणं ना? हे मला यायचं आधीपासून," ती म्हणाली.

मग सकाळी मला आतून ऐकू यायचं. बाबा म्हणायचे, "गेट."

"अप?" आई विचारायची.

"गेट."

"डाउन? नाही? मग टायर्ड?"

"गेट!"

"बरं बरं. गेट चहा?"

आणि जन्मभर 'इस्टेशन' दुरुस्त करणारा माणूस 'गेट चहा' ऐकून मान डोलवायचा.

हळूहळू तिला विचारायचीही गरज पडेना. बाबांनी एकदा खुर्चीतून "गेट" म्हटलं, तशी ती उठली आणि खिडकीचा पडदा ओढला. मी विचारलं, "तुला कसं कळलं?" ती म्हणाली, "अगं, ऊन आलंय त्यांच्या डोळ्यावर. आत्ता दुसरं काय म्हणणार ते?" तिला ते इतकं साधं वाटत होतं की मलाच विचारल्याचं नवल वाटलं.

पण पडदा, पाणी, पंखा एवढ्यावर ते थांबलं नाही. एका रविवारी मी बाहेर निघाले होते. हातात चपला होत्या आणि पाय दारात अडकले. आत दोघं भांडत होते. बाबांचा आवाज चढत होता, उतरत होता. "गेट गेट. गेट? गेट, गेट गेट!" अगदी वर्गातल्यासारखा प्रश्न टाकून थांबत होते. आणि आई उत्तर देत होती. "काही नाही, त्यांनी लग्नाला बोलावलं होतं आपल्याला. तुम्हीच म्हणालात ऊन फार आहे… नाही हो, तुमच्या बहिणीनं नाही, माझ्या मावशीनं. तुमची बहीण कधी बोलावते?"

"गेट!"

"बोलावते, बोलावते. दिवाळीला. मान्य."

मी तिथंच उभी राहिले. लहानपणापासून त्या दोघांचं एवढं लांब संभाषण मी कधी ऐकलं नव्हतं. बाबांकडे एकच शब्द राहिला आणि आईला तेव्हा कुठे बोलायला जागा मिळाली.

दहावीच्या मुलांचा निरोप समारंभ होता, त्यासाठी पैठणच्या शाळेचे मुख्याध्यापक बोलावणं घेऊन आले. ते बाबांचे विद्यार्थी. बाबांचं काय झालंय ते त्यांना कळलं होतं. "सर नुसते स्टेजवर बसले तरी आम्हाला पुष्कळ आहे," ते म्हणाले. मला बाबांना न्यायचं नव्हतं. बाबांनी आईकडे बघून एकदाच "गेट" म्हटलं आणि आईनं विचारलं, "कोट घालायचा ना?" त्यावर मग बोलायला काही राहिलंच नाही.

मी गाडी चालवली. चितेगावला भाऊ रस्त्यावर उभाच होता, धुतलेला पांढरा सदरा घालून. त्याला पुढं घेतलं. आई-बाबा मागं. शाळेचं मैदान तेच होतं, मंडप घातलेला. बाबांना पहिल्या खुर्चीवर बसवलं, शाल घातली. सगळं नीट चाललं होतं. मग सूत्रसंचालन करणाऱ्या तरुण शिक्षिकेनं सवयीनं म्हटलं, "आता सरांनी आपल्याला मार्गदर्शनाचे दोन शब्द सांगावेत, अशी मी विनंती करते."

मुख्याध्यापकांचा चेहरा पडला. ते उठणार एवढ्यात बाबांनी काठीवर हात ठेवला होता. भाऊनं त्यांना उभं केलं. डाव्या हातात माइक घेऊन ते समोर बघत राहिले, मंडप शांत होईपर्यंत.

"गेट," बाबा म्हणाले.

आणि मग ते बोलायला लागले. मला त्या भाषणाची लय पाठ होती. सावकाश सुरुवात, मग एक आठवण, मग थोडं हसू, मग बोट वर करून एक प्रश्न. सगळं जागच्या जागी होतं. शब्द तेवढा एकच होता. पुढच्या रांगेतल्या मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. एका मुलीनं तोंडावर हात धरला. तिच्या शेजारणीला आवरलं नाही. बघता बघता ते हसू मागच्या रांगांपर्यंत गेलं. बाबा थांबले. वर्ग गोंगाट करत असला की ते असेच थांबायचे, रागवायचे नाहीत, नुसते बघत राहायचे, आणि वर्ग आपोआप गप्प व्हायचा. या वेळी झाला नाही. ते आणखी एकदा हळूच "गेट" म्हणाले आणि खाली बसले. मुख्याध्यापकांनी जोरजोरात टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मग सगळ्यांनीच वाजवल्या. ते त्या हसण्याहून वाईट होतं.

आम्ही परत निघालो. बाबा काचेबाहेर बघत होते. बिडकीन मागे पडलं तेव्हा आई म्हणाली, "अहो, तुम्ही काय बोललात ते मी सांगू?"

बाबांनी मान वळवली नाही.

"आधी म्हणालात, मुलांनो, तुम्हाला बघून बरं वाटलं. मग ते लिंबाचं झाड लावलं त्याची गोष्ट सांगितलीत. मग बोट वर करून विचारलंत, परीक्षेची भीती वाटते का? आणि म्हणालात, वाटू द्या, मलाही वाटायची."

"गेट," बाबा तुटकपणे म्हणाले.

"बरं, तुम्हाला नाही वाटायची. राहिलं." आई पुढं बोलत राहिली. "मग म्हणालात, मोठे झालात की या शाळेत एकदा तरी येऊन जा. आणि ती पोरं हसली तेव्हा म्हणालात, हसा. हसण्याचं वय आहे."

मी वरच्या आरशात पाहिलं. त्यांनी आईचा हात आपल्या हातात घेतला होता. मी तो आरसा थोडा फिरवला.

आई त्यानंतरच्या पावसाळ्यात गेली. छातीत जळजळतंय म्हणत होती, ओवा चावत होती. सकाळी ओट्याला धरून उभी राहिली तेव्हा मी तिचं ऐकलं नाही, गाडीत घातलं. हॉस्पिटलमध्ये स्ट्रेचरवर झोपवलं तरी तिचं लक्ष घरात. "दुपारी ते काही म्हणाले तर आधी पंखा बघ, मग पाणी," ती मला सांगत होती. "रागावले तर रागावू दे. थोड्या वेळानं आपोआप थांबतात." तिला आत नेलं. दुपारी डॉक्टर बाहेर आले ते मास्क खाली ओढतच. त्यांच्या चालीवरून मला समजलं.

घरी येऊन मी बाबांच्या खुर्चीसमोर खाली बसले. भाऊ दाराशी उभा होता.

"बाबा, आई गेली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मग माझ्या खांद्यावरून मागं, स्वयंपाकघराच्या दाराकडे. "गेट?" त्यांनी विचारलं. ते मला विचारत नव्हते. मी जे बोलले ते त्यांना कुणीतरी नीट समजावून सांगायला हवं होतं आणि ते तिची वाट बघत होते. मी पुन्हा तेच सांगितलं. त्यांची नजर दारावरून हलली नाही.

तिला घरी आणलं, हॉलमध्ये ठेवलं. माणसं जमली. भाऊनं बाबांना धरून तिच्याजवळ आणलं, खाली बसवलं. त्यांनी डाव्या हातानं तिच्या कपाळावरचे केस मागं केले.

"गेट," ते म्हणाले. पुन्हा म्हणाले. आवाज अगदी खालचा, जरा लाडाचा. तो आवाज मला ओळखू आला. पैठणला परीक्षेच्या दिवसांत पहाटे माझ्या उशाशी बसून ते मला असंच उठवायचे, रागे न भरता, पुन्हा पुन्हा, मी डोळे उघडेपर्यंत.

दाराशी आमचे एक लांबचे नातेवाईक उभे होते. त्यांना वाटलं, गाडी आली. "अरे, गेट उघडा रे, सर सांगतायत," ते बाहेर ओरडले. कुणीतरी पळत जाऊन लोखंडी गेट सताड उघडलं.

मग बाबा बोलायचे थांबले. तो शब्दही त्यांनी टाकून दिला. भाऊ त्यांना अंगणात उन्हाला बसवायचा, मेंढरांच्या गोष्टी सांगायचा, एखादं कोकरू चुकून दुसऱ्या कळपात गेलं तर कसं ओळखायचं ते सांगायचा. बाबा ऐकायचे. मी दुपारचे पेशंट बंद केले आणि लवकर घरी यायला लागले. आईसारखं करून बघावं म्हणून एकदा विचारलं, "बाबा, अप? डाउन?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा कधी ते विचारलं नाही. ते तिचं होतं.

बऱ्याच आठवड्यांनी एका सकाळी ते "गेट" म्हणाले आणि भाऊनं मला दवाखान्यात फोन केला, "ताई, सर बोलले!" मी विचारलं, कशासाठी? "ते काय म्हाईत नाय. पण बोलले."

औरंगपुऱ्यातल्या माझ्या दवाखान्यात माणसं तोंडात कापूस आणि नळी घेऊन माझ्याशी बोलतात आणि मला ती कळतात. कुणाला दुखतंय, कुणाला थुंकायचंय, कोण खाली लावलेल्या गाडीच्या काळजीत आहे, सगळं कळतं. घरी आले की एका शब्दापुढं मी ठार आंधळी. पाणी, पंखा, बाथरूम, वर्तमानपत्र इथपर्यंत आले. त्यापुढं गेले नाही. बाबा दोनदा प्रयत्न करायचे, मग हातानं 'राहू दे' म्हणायचे.

दिवाळी झाल्यावरची एक संध्याकाळ आहे. आम्ही दोघंच अंगणात बसलो होतो, भाऊ बस पकडायला गेला होता. हवेत गारवा आला होता म्हणून मी त्यांच्या पायांवर शाल टाकली. आणि ते बोलायला लागले. आई गेल्यापासून ते एवढं बोलले नव्हते. आवाज शांत होता, घाई नव्हती. मध्येच थांबून ते आठवत होते, एकदा हसले, एकदा त्यांनी डाव्या हातानं डोळे पुसले. काहीतरी सुरुवात असलेलं, मध्य असलेलं, पूर्ण असं ते मला सांगत होते. संपल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"आईबद्दल?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली. नाही.

"शाळेबद्दल? आजी-आजोबांबद्दल? मी लग्न केलं नाही, त्याबद्दल?"

यावर ते हसले, पण तेही नव्हतं. मग त्यांनी पुन्हा सांगितलं. सावकाश, एकेक 'गेट' सुटा करून, मागच्या बाकावरच्या मुलाला सांगावं तसं. मी त्यांच्या ओठांकडे बघत होते, डोळ्यांकडे बघत होते. मला काही म्हणजे काही कळलं नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते थांबले, पुढं झुकले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"गेट," ते म्हणाले. जाऊ दे म्हणावं तसं. तेवढं कळलं, असं मला वाटतं.

त्यानंतर थंडी वाढली आणि त्यांना गिळायला त्रास व्हायला लागला. पाणी फुप्फुसात गेलं, कफ झाला, पुन्हा हॉस्पिटल. ऑक्सिजनच्या मास्कमध्ये ते बोलायचे तेव्हा आतून वाफ धरायची आणि विरायची. मी कान जवळ न्यायचे. सकाळी, परिचारिका चादर बदलायला आली असताना, ते गेले. मी तिथंच होते.

भेटायला माणसं येत राहिली. प्रत्येक जण विचारायचा, "शेवटी काही बोलले का?" शेजारच्या काकूंना मी सांगितलं, पाणी मागितलं. मुख्याध्यापक पैठणहून आले, त्यांना सांगितलं, शाळेची आठवण काढली. त्यांचे डोळे भरून आले. तेवढंच मला करता येण्यासारखं होतं.

सगळे पांगल्यावर भाऊ आला. कोऱ्या चहाचा कप घेऊन माझ्यासमोर फरशीवर बसला. त्यानंही तेच विचारलं.

"बोलले, भाऊ," मी म्हणाले. "पण मला नाही कळलं."

त्यानं कप फरशीवर ठेवला. "मलाबी कधी कळलं नाय, ताई. नुसतं व्हय व्हय म्हणायचो. त्यास्नी बरं वाटायचं."

मग त्यानं विचारलं की सरांसाठी आणलेला, पण एका हातानं धरता न आल्यानं तसाच राहिलेला वॉकर पडूनच राहणार का. त्याच्या गावात एक म्हातारी पडून कमरेतून अधू झाली होती, तिला उपयोगी आला असता. मी वॉकर कपाटामागून काढला, आम्ही दोघांनी मिळून तो पुसला, एक सैल झालेला स्क्रू त्यानं आवळला. मी त्याला पैठण रोडवर बस थांबते तिथपर्यंत सोडायला गेले. बस भरलेली होती. वॉकर आधी आत दिला, मग तो चढला, आणि कंडक्टरनं घंटी दिली.